मामाचं पत्र आणि संस्कारांची वही

परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांसाठी गाण्याखेळांच्या वह्या निघतात. छापलेल्या थोड्या, झेरॉक्स काढून स्पायरल घातलेल्याच जास्त. उन्हाळी शिबिर ठरलं की दोन-तीन आया बसतात, आठवतील ती गाणी लिहून काढतात, कुणाची तरी सासू फोनवरून चार सांगते, आणि वही तयार होते. या वह्यांचं परीक्षण कुणी करत नाही. कवितासंग्रहाची चार ओळींत का होईना दखल घेतली जाते. पण ज्या पानांतून पाच वर्षांचं मूल आपल्या भाषेतलं पहिलं गाणं म्हणणार, त्यांना 'छान उपक्रम हं' एवढं म्हणून आपण सोडून देतो. मला ते पटत नाही. म्हणून अशा एका वहीबद्दल जरा कडकपणे लिहिते आहे.

वही अमेरिकेतली. पेनसिल्व्हेनियात पोकोनोच्या डोंगरात जुलैमध्ये पाच दिवसांचं शिबिर होतं, चार ते आठ वयाच्या मुलांचं. मी लेकीकडे गेलेली, तेव्हा "अक्का, तुम्ही गाणी घ्या" म्हणून मलाही ओढलं. मुलं सगळी जैन घरांतली, पण घरची बोली कुणाची गुजराती, कुणाची हिंदी, कुणाची मराठी, आणि आम्हा बेळगावकडच्यांसारखी मराठी-कन्नड दोन्ही असलेलीही दोन घरं. एकमेकांत सगळ्यांचं इंग्रजी. उत्तर अमेरिकेतल्या जैन संघांची 'जैना' ही संघटना १९८१ची, बृहन्महाराष्ट्र मंडळही १९८१चंच. तेव्हा जे नोकरीसाठी नवे गेलेले होते, त्यांची नातवंडं आता या शिबिरांना येतात. म्हणजे शिकवणाऱ्या आयांतल्या बऱ्याच जणी स्वतः तिकडेच जन्मलेल्या. त्यांनी ही गाणी अंगणात ऐकलेली नाहीत, कॅसेटवर ऐकलेली आहेत. वहीचे गुणदोष समजून घ्यायचे तर हे आधी ध्यानात ठेवायला हवं.

वहीतली निम्मी गाणी 'करावं' आणि 'करू नये'ची आहेत. मुंगीला दुखवू नये, पाणी गाळून प्यावं, दिवस मावळायच्या आत जेवावं, खोटं बोलू नये. यातली एकही गोष्ट मला नको आहे असं नाही. माझ्या घरात चौविहार पाळतात, आणि कांदा-बटाट्याचा विषय तर मी प्रवासातही सोडत नाही. पण गाणं म्हणून ही गाणी फसली आहेत, आणि ती का फसली हे कुणी तरी सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट चालीची. सगळ्या चाली हिंदी सिनेमाच्या. सिनेमाचं गाणं मोठ्या, तयार गळ्यासाठी बांधलेलं असतं. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सप्तकभर किंवा त्याहूनही जास्त फिरतं. पाच वर्षांच्या मुलाच्या गळ्यात सहज बसतात ते पाच-सहा सूर. म्हणून आपली जुनी बडबडगीतं बघा, तीन-चार सुरांतच हिंडतात; बोलण्याच्या नि गाण्याच्या मधली ती जागा असते. 'देवबाप्पा' (१९५३) मधलं मोराचं गाणं आपण सगळ्यांनी लहानपणी म्हटलं. शब्द गदिमांचे, चाल पुलंची. आठवून पाहा, धृपद आपण जोरात म्हणायचो आणि अंतरा आशाबाईंवर सोपवून द्यायचो! शिबिरात तर धृपदसुद्धा स्पीकरवर सोपवलेलं. ट्रॅक लावला की मुलं तोंडं हलवत उभी. आया समजायच्या, मुलं गाताहेत. मी ट्रॅक बंद करायला सांगितला तेव्हा दोनच आवाज उरले, आणि त्यातला एक माझा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या गाण्यांत मुलाला करायला काही नाही. त्याला फक्त मान डोलवायची आहे. लहान मूल अंगाने गातं. टाळी, उडी, गिरकी, कुणाचा तरी हात धरणं, शेवटी धपकन खाली बसणं. ज्या गाण्यात हे नाही ते त्याच्यासाठी गाणं नव्हे, सूचना. आणि सूचना ऐकून ऐकून मुलं दमलेली असतात, इकडची काय नि तिकडची काय.

एक आई, फार गोड बाई, रोज संध्याकाळी मला विचारायची, "आंटी, आज यातून ती काय शिकली?" मी तिला दोष देत नाही. तिच्या पोटात भीती आहे. आपली भाषा, आपला आहार, आपला धर्म या मुलीच्या हातून निसटला तर, ही ती भीती. वहीच्या पानापानावर तीच भीती बसलेली आहे. पण आईची भीती मुलाच्या गाण्यात घातली की मुलाला ती बरोबर कळते. मुलं वास काढतात. औषध गुळात घालून दिलं तरी जीभ सांगतेच.

आता खेळांकडे येते, कारण वहीचा खरा घोटाळा तिथे आहे.

विषामृत तुम्ही खेळला असाल. ज्याच्यावर राज्य तो शिवला की 'विष', जागच्या जागी थिजायचं. आपल्यातल्या दुसऱ्या कुणी येऊन हात लावून 'अमृत' म्हटलं की सुटलो. वहीत हा खेळ आहे, पण नाव बदलून. शिवणारा 'हिंसा' म्हणतो, सोडवणारा 'अहिंसा'. खाली चौकटीत मुलांना विचारायचे तीन प्रश्नही दिलेत. मी हा खेळ त्या नावाने घेतलेला पाहिला. एक सहा वर्षांचा मुलगा रडायला लागला, कारण राज्य त्याच्यावर आलं होतं आणि त्याला 'हिंसा' व्हायचं नव्हतं. बरोबरच आहे त्याचं! विष होणं ही गंमत आहे, हिंसा होणं ही शिक्षा. सकाळी स्वाध्यायात ज्या शब्दाची धास्ती घातली, तोच दुपारी त्याच्या गळ्यात बांधला.

आणि गरज काय होती? आपला जीव धोक्यात घालून थिजलेल्या सवंगड्याला सोडवायला धावणं, हे त्या खेळात पहिल्यापासून आहेच. शब्द न लावता आहे. म्हणून तर ते अंगात मुरतं. आपल्या खेळांत अशी दया ठिकठिकाणी पेरलेली आहे. कच्चं लिंबू घ्या, काही ठिकाणी लिंबूटिंबू म्हणतात. धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण आऊट धरायचं नाही. घरी रडत बसण्यापेक्षा तो आपल्यात असू दे, हा नियम कुठल्याही महाराजांनी सांगितलेला नाही, मुलांनीच केलाय. धाप लागली, चप्पल तुटली, की मूठ वर करून 'टॅम्प्लीज' ओरडायचं, आणि समोरच्याने थांबायचं म्हणजे थांबायचंच. वहीत यातलं काही नाही, कारण हे कुणी लिहून ठेवत नाही. आईला आठवतं ते खेळाचं नाव. मधली ही बारीक टाकेबीज आठवत नाही.

आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज नवराबायकोने १९५९ साली एक जाडजूड पुस्तक काढलं, शाळकरी मुलांच्या बोलण्याखेळण्यावर. सुमारे ५,००० मुलांकडून त्यांनी माहिती जमवली. त्यात खेळ मध्येच थांबवायच्या शब्दांवर, म्हणजे आपल्या 'टॅम्प्लीज'च्या तिकडच्या भावंडांवर, केवढी तरी पानं खर्च केली आहेत. कुठल्या गावात कुठला शब्द, बोटं कशी धरायची, सगळं. मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांनी मोठ्यांना विचारलं नाही, मुलांनाच विचारलं. आणि त्यांना दिसलं ते हे की हे खेळ मूल मुलाकडून शिकतं, आई-मास्तरांकडून क्वचितच. शिबिरापुढची अडचण नेमकी हीच. तिथे मोठं मूल नाही. आठ वर्षांची ताई चार वर्षांच्या चिमणीला शिकवते, ही साखळीच तुटलेली, आणि मधल्या जागी आपण बाया उभ्या. म्हणून माझं म्हणणं असं की शिबिरात वयाचे गट पाडूच नयेत, निदान खेळाच्या तासाला. पण व्यवस्थेला गट आवडतात. टी-शर्टांचे रंगसुद्धा ठरलेले असतात.

'राज्य' या शब्दाची एक गंमत सांगते, विषय सोडून. इंग्रजीत ज्याच्यावर डाव येतो त्याला नुसतं 'इट' म्हणतात, म्हणजे 'ते'. मी एका मुलीला सांगितलं, "तुझ्यावर राज्य आलं," आणि कुणी तरी तिला त्याचा अर्थ समजावला. ती म्हणाली, मग मी राणी आहे का? आणि राणीसारखी हळूहळू चालत सगळ्यांना पकडायला निघाली. कुणी सापडलं नाही, पण तिने राज्य सोडलंही नाही.

मामाचं पत्र या खेळाशी मात्र वहीने फार वाईट वागणूक केली आहे. सगळे गोल बसलेले, एक जण मागून पळतोय, हातातला रुमाल कुणाच्या तरी पाठीमागे हळूच टाकतो, ज्याच्यामागे पडला तो उठून धावतो. वहीत लिहिलंय, 'आजच्या मुलांना पत्र माहीत नसते, म्हणून मामाऐवजी गुरुजी आणि पत्राऐवजी संदेश असे म्हणावे.' अरे देवा. मुलांना पत्र माहीत नाही, हे खरंच. एकाने विचारलंही, मामा टेक्स्ट का करत नाही? पण मला सांगा, आपण तरी मामाच्या पत्रासाठी का तो खेळत होतो? पाठीमागे काही तरी पडलंय की काय, या धाकधुकीसाठी खेळत होतो. मान वळवायची नाही, हात मागे चाचपायचा. ती भीती-गंमत जगात सगळीकडे आहे. अमेरिकेतली मुलं हाच खेळ बदकं आणि हंस म्हणून खेळतात, डोक्यावर टपली मारत; आणि मिनेसोटात हंस नाही तर राखाडी बदक, यावरून तिथली माणसं मोठेपणीही भांडतात म्हणे. आणि त्याहून नवल म्हणजे रुमाल टाकायच्या त्यांच्या जुन्या खेळाबरोबर म्हटलं जाणारं एक गाणं आहे, जे एला फिट्झजेराल्डने १९३८ साली गाऊन साऱ्या अमेरिकेत पोचवलं. त्यातही एक पत्रच वाटेत पडून हरवतं. इकडे मामाचं, तिकडे प्रियकराचं! कुणी कुणाचं ऐकलं, की दोघींना आपापलं सुचलं, देव जाणे. पण एवढी ओळख समोर असताना आपण ती सोडून 'गुरुजींचा संदेश' लिहावा? शिबिरातल्या स्थानिक काकूंनी, स्वयंपाकघरात मदतीला येणाऱ्या एका आजीबाईंनी, ते गाणं म्हणून दाखवलं, मी मामाचं म्हटलं, आणि मुलांनी दोन्ही आळीपाळीने लावली. दोन्हीला रुमाल एकच.

वहीच्या बाजूने एक मुद्दा मांडता येतो आणि तो दुबळा नाही. कुणी म्हणेल, अक्का, खेळातून धर्म शिकवणं ही तर आपलीच परंपरा, ज्ञानबाजी कुणाची? खरं आहे. सापशिडीचा तो पूर्वज आपल्याकडे कापडावर, कागदावर रंगवलेला असायचा. जैन पटांत घराघरांवर पाप-पुण्याची, गुणस्थानांची नावं, आणि सगळ्यात वर सिद्धशिला. पर्युषणात घरची मंडळी तो खेळायची. मग 'हिंसा-अहिंसा'ला मी का नाक मुरडते?

कारण ज्ञानबाजीत उपदेश खेळाच्या हाडांत आहे, कातड्यावर चिकटवलेला नाही. फासा पडतो, शिडी येते, चढतो. साप येतो, घसरतो. चांगल्या माणसालाही साप गिळतो, आणि खट्याळ पोरगं भराभर वर जातं. त्यातून जे कळायचं ते कळतं, कुणी तीन प्रश्न विचारत नाही. आणि तो मोठ्यांचाही खेळ होता. आजोबा स्वतः घसरायचे आणि स्वतः चिडायचे. आपण मुलांना जे देतो ते आपण स्वतः खेळत नसू, तर मुलं ओळखतात की हे फक्त आपल्यासाठी ठेवलेलं आहे. पुढची गंमत तर आणखीच बोलकी आहे. हा खेळ एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला गेला, तिथे त्याची शिस्तशीर सदाचाराची पाटी झाली. पुढे १९४३मध्ये अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून त्याजागी घसरगुंड्या घातल्या, मुलं भिऊ नयेत म्हणून. शिबिरातल्या सगळ्या मुलांना घसरगुंड्यांचा खेळ माहीत होता. साप असलेला पट दाखवल्यावर त्यांचे डोळे मोठे झाले. तासभर कुणी उठलं नाही.

वहीत एक खेळ अस्सल नवा आहे आणि तो मला मनापासून आवडला. तिकडेच वाढलेल्या एका आईने केलेला. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांची पत्ती. एक पत्ता उचलायचा, न बोलता ते लांछन करून दाखवायचं, बाकीच्यांनी ओळखायचं. कासव, हत्ती, गेंडा, मगर, हरीण. चंद्रप्रभाचा चंद्र कसा करणार? एका मुलाने गाल फुगवले आणि सावकाश एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत गेला. सगळ्यांनी ओळखलं. अनंतनाथांच्या पत्त्यावर मात्र भांडण. श्वेतांबरांकडे ससाणा, आम्हा दिगंबरांकडे साळिंदर. त्या बाईने निमूट एकाच पत्त्यावर दोन्ही चित्रं काढलेली! मुलांनी ससाणा होऊन साळिंदराच्या काट्यांत अडकून दाखवलं. दोन पंथांत इतका आनंदाचा संवाद मी मोठ्यांच्या सभेत ऐकलेला नाही. इथे धर्म आहे, अगदी नावानिशी आहे. पण मुलाच्या हातापायांना काम आहे आणि उत्तर मुलाकडे आहे.

काजव्यांचंही तसंच. तिकडे उन्हाळ्यात काजवे फार, आणि बरणीत काजवे धरणं हा तिथल्या मुलांचा आवडता उद्योग. वहीत त्यावर एक 'धरू नये'चं गाणं आहे, आठ कडव्यांचं. ते कुणी म्हटलं नाही. एका मोठ्या मुलीने काजव्याच्या दोन लुकलुकींमध्ये आकडे मोजायचा खेळ काढला. कुणाचा काजवा जास्त वेळ अंधारात राहतो ते बघायचं. बरणी कुणाला आठवलीच नाही.

भाषांतराबद्दल थोडंच. काही मराठी गाणी वहीत इंग्रजीत केलीत, मुलांना कळावीत म्हणून. मराठी ओळ बहुधा स्वरावर संपते; तो लांबवता येतो, तेवढ्यात टाळी बसते, पुढचा श्वास मिळतो. इंग्रजी शब्द व्यंजनावर येऊन आपटतो, टाळी हवेतच राहते. अर्थ कळला आणि गाणं गेलं, असा हा व्यवहार. पाच वर्षांच्या मुलाला अर्थाची घाई नसते. बेळगावात आम्ही शेजारच्या कानडी मुलींकडून अर्धी गाणी अर्थ न कळताच उचलली होती, आणि हादग्याला फेर धरताना सासूच्या तक्रारी तरी सात वर्षांच्या आम्हाला कुठे कळत होत्या? आमचं सगळं लक्ष खिरापत ओळखण्यावर. (आम्हा जैन मुलींना आधी विचारून घ्यावं लागे, कांदा-बटाटा नाही ना. त्यामुळे ओळखण्यात आम्ही नेहमी एक पाऊल पुढे.) वहीने हादग्याची गाणी सासू काढून शुद्ध केली आहेत आणि खिरापत गाळली आहे. मी असते तर उलट केलं असतं.

गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक, एक गुजराती नि एक मराठी, भावनगरला एकत्र काम करत होते. गिजुभाईंच्या 'दिवास्वप्न'मधला मास्तर चौथीच्या वर्गात गोष्टी आणि खेळांनीच सुरुवात करतो आणि बाकीचे मास्तर हसतात, की शिकवणार कधी? शिबिरातल्या गुजराती आणि मराठी आयांनी ते छोटं पुस्तक जरूर वाचावं. दोघींच्या भाषेत मिळतं. शेवटचे दोन दिवस पालकांसमोरच्या कार्यक्रमाच्या तालमीत घालवायचे नाहीत, एवढं तरी त्यातून ठरेल अशी आशा. त्या दोन दिवसांत कुणी खेळलं नाही, सगळे रांगेत उभे होते.

पुढच्या वर्षी वही पुन्हा काढणार आहेत, आणि मला सूचना मागितल्या आहेत. उपदेशाची गाणी काढा, ट्रॅक नको, विषामृताला त्याचं नाव परत द्या, मामाला मामाच राहू द्या, लांछनांचा खेळ पहिल्या पानावर घ्या, असं कळवलंय. शिवाय चौकाबारा घाला. पट खडूने जमिनीवर आखता येतो. फासे म्हणून कवड्या आमच्या आईला चालत नसत, जीवाचं घर ते. आम्ही चिंचोके भाजून, फोडून, चार फाका घ्यायचो, एक बाजू काळी नि एक पांढरी. लेक म्हणाली, तिकडच्या भारतीय दुकानांत चिंच मिळते पण बिया काढलेली. मेक्सिकन दुकानात मात्र शेंगांसकट मिळते. ती शनिवारी जाऊन आणणार आहे.